शेळ्यांच्या खुराकासाठी हातभरडणी यंत्र: एक अभिप्राय
दुभत्या शेळ्यांसाठी मका आणि हरभरा घरीच भरडण्याकरिता घेतलेले हे यंत्र एका बाबतीत निश्चित उजवे आहे: चकत्यांमधील अंतर कमीजास्त करता येत असल्याने धान्याचे पीठ न होता जाडसर भरड मिळते, आणि बारीक पीठ शेळीच्या पोटात झपाट्याने आंबून आम्लता वाढवत असल्याने ही सोय मोलाची ठरते. पेंडीचे मोठे तुकडे मात्र अडकतात.

सोबतच्या मिश्रणपिंपाबद्दल माझे मत तितकेसे चांगले नाही. सुमारे 2 टक्के खनिज मिश्रण आणि 1 टक्का मीठ त्यात थेट टाकल्यास तळाशी बसते. म्हणून ते आधी थोड्या भरडीत कालवून घ्यावे लागते. चोखंदळ शेळ्यांना दाणे वेचता येऊ नयेत म्हणून मळी (साखर कारखान्यातून मिळणारा काकवीसारखा चिकट पाक) शिंपडली, तर पिंप धुणे हे वेगळेच काम होऊन बसते.