कॉन्सर्टचं तिकीट कुठून घ्यावं? बुकमायशो, डिस्ट्रिक्ट आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिलेला आयोजक

सिनेमाचं तिकीट काढायला ही दोन्ही अ‍ॅप जवळपास सारखीच. कॉन्सर्टला मात्र पैसे भरण्याआधी पान खालपर्यंत सरकवून आयोजकाचं नाव वाचावं. पुढे काही बिनसलं तर कुणाचा गळा धरायचा ते त्या एका ओळीवर ठरतं.

तमाशा आणि ऑर्केस्ट्राच्या धंद्यात ज्याला सुपारी देणं म्हणतात, तेच काम आयोजक करतो. कलाकाराला ठरलेल्या रकमेची हमी द्यायची, त्यातला मोठा भाग आगाऊ मोजायचा आणि बहुतेक करारांत खर्च निघाल्यावर उरणाऱ्या पैशांतूनही वाटा द्यायचा. मैदानाचं भाडं, स्टेज, जनरेटर, बॅरिकेड, संडास, पाणी, पोलिसांचा परवाना, अग्निशमन दलाचा दाखला हे सगळं त्याच्याच डोक्यावर. उघड्या मैदानात लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो, म्हणून कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर शेवटची दोन-तीन गाणी कापली जातात. तो निर्णयही आयोजकाचा. मैदान रिकामं राहिलं तर बुडतो तोच.

तिकीटवाल्याकडे, म्हणजे अ‍ॅपकडे, सीट मॅप, ऑनलाइन रांग, पेमेंट, क्यूआर आणि गेटवरचे स्कॅनर. त्याला आयोजकाकडून कमिशन मिळतं आणि आपल्याकडून सुविधा शुल्क. म्हणजे कार्यक्रम पडला तरी तो सहसा तरतो. अपवाद एकच. विक्रीचे एकहाती हक्क मिळवायला तो पुष्कळदा आयोजकाला आधीच उचल देतो, आणि मग तिकिटं खपली नाहीत की त्याचेही पैसे अडकतात. ‘शेवटची काही तिकिटं’ अशा सूचना सारख्या यायला लागल्या की हे ध्यानात ठेवावं.

आता अ‍ॅपमधली सर्वांत खटकणारी गोष्ट. नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅन समोर असतो. फुल्या मारलेल्या खुर्च्या दिसतात, ‘ह्या कुणाच्या?’ असं विचारता येतं आणि बुकिंगवाला ‘निर्मात्यांच्या आहेत’ म्हणून सांगूनही टाकतो. अ‍ॅपवरची करडी खुर्ची काहीच सांगत नाही. ती विकली गेली असेल, प्रायोजकासाठी किंवा कलाकाराच्या पाहुण्यांसाठी राखलेली असेल, नाहीतर ध्वनियंत्रणेच्या मनोऱ्यामागे येते म्हणून बंद ठेवलेली असेल. स्टेजचा अंतिम आराखडा पक्का झाला की यातल्या बऱ्याच जागा गाजावाजा न करता खुल्या होतात. म्हणून ‘सोल्ड आउट’ दिसलं तरी कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात रोज एकदा पान उघडून बघावं. ब्लॅकवाल्याकडे जाण्यापेक्षा हे बरं.

बुकमायशोचा कस लागला तो कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या वेळी. २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी १२ वाजता विक्री, डी. वाय. पाटील स्टेडियमचे १८ आणि १९ जानेवारी २०२५ चे खेळ, दर २,५०० ते ३५,००० रुपये. अ‍ॅप कोलमडलं, रांगेतले आकडे लाखांत गेले, २१ जानेवारीचा तिसरा खेळ जाहीर झाला आणि तोही हातोहात संपला. इथे आयोजक आणि तिकीटवाला एकच होता. याचा फायदा असा की तारीख, गेट, वयाची अट याबद्दल पानावर असतं ते पक्कं असतं. तोटा असा की किती तिकिटं खरोखर विक्रीला काढली हे तपासणारा दुसरा पक्षच उरत नाही. एरवी आयोजक तिकीटवाल्याकडे हिशेब मागतो, इथे डावा हात उजव्याकडे मागणार.

डिस्ट्रिक्ट हे झोमॅटोचं. ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोने पेटीएमचा तिकीटविक्रीचा धंदा २,०४८ कोटींना घेतला, त्यातच इन्सायडर हे तिकीटविक्रीचं अ‍ॅप आलं. गंमत म्हणजे इन्सायडरचा जन्म ओएमएल या आयोजक कंपनीतला, पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू करणारी तीच. दिलजित दोसांझचा २०२४ चा दौरा झोमॅटोच्याच तिकीटविक्रीच्या विभागावर, झोमॅटो लाइव्हवर, विकला गेला, पण आयोजक सारेगामा आणि रिपल इफेक्ट. विशिष्ट बँकेचं कार्ड असलेल्यांना तिकिटं आधी मिळाली, बाकीचे चिडले. अशी आगाऊ विक्री हा प्रायोजकत्वाच्या सौद्याचा भाग असतो. तो आयोजकाच्या पातळीवर ठरतो, शिव्या अ‍ॅप खातं. त्याच दौऱ्यात २४ नोव्हेंबरला कोथरूडच्या कार्यक्रमातली दारूविक्रीची परवानगी स्थानिकांच्या विरोधानंतर उत्पादन शुल्क विभागाने रद्द केली. अशा ठिकाणी अ‍ॅपच्या चॅटवर भांडून उपयोग नाही, त्यांच्या हातात तो विषयच नसतो.

पैशांचं बघू. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याहून महाग असेल तर पूर्ण दरावर १८ टक्के. दरात कर धरला नसेल तर २,५०० चं तिकीट २,९५० ला पडतं, वर सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के. तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या रकमेची. कार्यक्रम रद्द झाला तर परतावा अ‍ॅपमधून येतो, पण द्यायचा किती आणि कधी हे आयोजक ठरवतो. त्याने पैसे आधीच उचलले असतील तर वाट बघावी लागते. सुविधा शुल्क परत मिळेल का, ते अटींमध्ये आधीच वाचावं.

पैसे कापले आणि तिकीट आलं नाही, ही चूक मात्र निखळ तिकीटवाल्याच्या बाजूची. खुर्ची काही मिनिटंच राखलेली असते. बँकेचा ओटीपी उशिरा आला की ती सुटते आणि पैसे मध्येच लटकतात. यूपीआयसाठी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम परत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रारीत व्यवहार क्रमांक टाकून या नियमाचा उल्लेख करावा.

गेटवर एक काळजी घ्या. मैदानात गर्दी झाली की नेटवर्क जातं, म्हणून तिकीट घरूनच उघडून ठेवा. क्यूआर सतत बदलत राहणारा असेल तर स्क्रीनशॉट चालत नाही. मित्राला तिकीट द्यायचं असेल तर अ‍ॅपमधूनच पाठवा. एकच क्यूआर दोघांकडे असला की आधी पोचलेला आत आणि दुसरा बाहेर, खरं तिकीट कुणाचं हे स्कॅनरला कळत नाही.

आमचे गुण: मोठ्या विक्रीच्या दिवशीच्या रांगेसाठी बुकमायशोला पाचपैकी अडीच, आयोजकाची माहिती स्पष्ट असते म्हणून एरवी साडेतीन. डिस्ट्रिक्टला तीन. करड्या खुर्चीबद्दल दोघांनाही शून्य.