‘द रेड पोनी’ : चौथ्या कथेपर्यंत पोहोचलेल्यांसाठी

जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द रेड पोनी’विषयी वाचकांशी बोलताना एक गोष्ट हटकून जाणवते. शंभरेक पानांच्या या पुस्तकावर लोक जितके चिडतात, तितके ते या लेखकाच्या याहून कितीतरी जाड पुस्तकांवरही चिडत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे परिसरातल्या आमच्या आठ-नऊ जणांच्या मराठी वाचनगटाने गेल्या हिवाळ्यात हे पुस्तक निवडले, त्याची कारणे अगदी व्यवहारी होती. ज्या सलिनास खोऱ्यात ते घडते ते खोरे आमच्यापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, पुस्तक बारीक आहे, आणि मुखपृष्ठावरच्या शिंगरावरून ही मुलांसाठी लिहिलेली गोड गोष्ट असावी असा बहुतेकांचा समज झाला. महिनाभराने आम्ही जमलो तेव्हा एका बाईंनी पहिल्या कथेनंतर पुस्तक मिटून ठेवले होते, एक गृहस्थ ‘कादंबरी म्हणून घेतली आणि निघाल्या चार सुट्या कथा’ म्हणून वैतागले होते, आणि तिसऱ्यांचे म्हणणे असे की या पुस्तकाला शेवटच नाही. या तिन्ही तक्रारींत तथ्य आहे, तरीही मी हे पुस्तक घ्यायलाच सांगेन, मात्र काही अटींवर.

माझी प्रत एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दोन डॉलरना घेतलेली आहे. आतल्या पानावर शाळेचा शिक्का आहे आणि समासात कुणा विद्यार्थ्याने पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी आहेत. सुरुवातीच्या नोंदी आज्ञाधारक आहेत : ‘लाल रंग – प्रतीक?’, ‘वडील कडक’. पहिल्या कथेच्या शेवटी, मेलेल्या शिंगरावर गिधाडे उतरतात त्या पानावर, एकच शब्द इतका दाबून लिहिला आहे की कागद मागून उठला आहे : ‘का?’ त्यानंतर पुस्तकात पेन्सिलीची एकही खूण नाही. अमेरिकेतल्या कितीतरी शाळांतून हे पुस्तक वर्षानुवर्षे नेमले गेले आहे, आणि इथे वाढलेल्या माझ्या सहकाऱ्यांपैकी ज्यांनी ते शाळेत वाचले, त्यांच्याही आठवणी बहुधा त्याच पानावर येऊन थांबतात.

कथानायक जोडी टिफ्लिन पहिल्या कथेत दहा वर्षांचा आहे. एके दिवशी वडील कार्ल आणि घोड्यांचा जाणकार गडी बिली बक सहा म्हाताऱ्या दुभत्या गाई खाटकाला विकायला सलिनासला जातात आणि परतताना जोडीसाठी तांबडे शिंगरू घेऊन येतात. त्यासोबत दिवाळे निघालेल्या एका खेळवाल्याचे तांबड्या चामड्याचे, कामाला फारसे न येणारे पण देखणे खोगीरही येते. जोडी त्या शिंगराला गॅबिलन हे नाव देतो, कारण घराच्या पूर्वेला दिसणारी त्या नावाची डोंगररांग ही त्याच्या माहितीतली सर्वांत भव्य आणि सुंदर वस्तू असते. सॅन होजेहून महामार्गाने दक्षिणेला जाताना सलिनासच्या पुढे तीच रांग डाव्या हाताला दिसते. उन्हाळ्यात ती वाळक्या गवताने पिवळी पडते आणि पहिल्या पावसानंतर पंधरवड्यात हिरवी होते. उजवीकडच्या सांता लुसिया रांगेकडे पाहिले की जोडीला त्या डोंगरांची भीती का वाटत असे तेही समजते. खोऱ्यात आता लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीची शेते मैलोन्‌मैल पसरली आहेत, पण दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर आजही गुरे चरतात.

या पुस्तकाची ताकद कशात आहे ते पाहायचे असेल तर पावसाचा प्रसंग पुन्हा सावकाश वाचावा. सकाळी ऊन पडलेले असते. शिंगराला कुंपणात मोकळे सोडून शाळेत जावे की नाही, अशी शंका जोडीला येते. बिली सांगतो की आज पाऊस येणार नाही, आणि आलाच तर आपण त्याला आत बांधू. दुपारी पाऊस येतो. जोडी वर्गात बसून खिडकीबाहेर पाहत राहतो, कारण पाऊस येणार नाही असे सांगणारा माणूस घोड्यांच्या बाबतीत कधीच चुकत नाही असे त्याने मानलेले असते. घरी येऊन पाहतो तो शिंगरू चिंब भिजून मान टाकून उभे! बिली आणि वडील पाऊस थांबण्याची वाट पाहत दुसऱ्या एका रॅन्चवर, म्हणजे गुरे-घोडे पाळणाऱ्या शेतवाडीवर, अडकून पडलेले असतात. त्यात कोणाचाच दुष्टावा नाही, म्हटले तर निष्काळजीपणाही नाही. मग बिली दुसऱ्यांदा शब्द देतो की एवढ्याशा पावसाने घोड्याला काही होत नसते. त्यानंतर खोकला, जबड्याखाली आलेली गाठ, ती चिरून केलेला निचरा, नाकाला बांधलेल्या तोबऱ्यातून उकळत्या पाण्याची आणि टर्पेंटाइनची वाफ, आणि अखेर श्वास घेता यावा म्हणून श्वासनलिकेला पाडलेले भोक. स्टाइनबेक ही सारी शुश्रूषा एखाद्या अनुभवी गड्याने सांगावी तशी, एकही विशेषण वाया न घालवता सांगतात. वाचकाला छळते ती रक्तापेक्षा ही अलिप्तता. (जाता जाता : या भागात रॅन्चवरच्या इंग्रजी शब्दांना आमच्यातले काही जण अडखळत होते. खरारा, मोरखी, तोबरा, शिंगरू हे शब्द आपल्या जुन्या मराठीत आयते पडले असताना आपण ते विसरलो, याची गंमतही वाटली आणि थोडी लाजही.)

हे पुस्तक प्राण्याच्या मृत्यूविषयी आहे असे समजून वाचणाऱ्याला पहिली कथा क्रूर वाटते आणि बाकीच्या तीन असंबद्ध. मला ते मोठ्या माणसांच्या शब्दाविषयी आहे असे वाटते. मोठा माणूस मुलाला शब्द देतो, त्याला तो पाळता येत नाही, आणि मग त्या शब्दाचे ओझे दोघांनाही वागवावे लागते. तिसऱ्या कथेचे नावच ‘वचन’ अशा अर्थाचे आहे. जोडीला दुसरे शिंगरू मिळावे म्हणून नेली नावाची घोडी शेजारच्या रॅन्चवरच्या घोड्याकडे नेतात. त्याचे पाच डॉलर जोडीने उन्हाळाभर काम करून फेडायचे असतात, आणि मग जवळजवळ वर्षभर वाट पाहायची असते. घोडी विते त्या रात्री शिंगरू आडवे येते. बिली हातोड्याने घोडीला मारतो, पोट फाडून शिंगरू बाहेर काढतो आणि मुलापुढे ठेवतो. वचन पाळले जाते. जोडी आनंदी व्हायचा प्रयत्न करतो, पण त्याच्या डोळ्यांपुढून बिलीचा रक्ताने माखलेला, थकलेला चेहरा हलत नाही. पहिल्या कथेतला मोडलेला शब्द बिलीला इतका लागलेला असतो की दुसरा पाळण्यासाठी तो ही किंमत मोजतो. पहिली कथा वाचून पुस्तक मिटणाऱ्याला हा हिशेब दिसतच नाही.

याच कथेवर आमच्या गटात सर्वाधिक वाद झाला. आमच्यातले एक गृहस्थ सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले आहेत. वासरू आडवे आले की रात्री कंदिलाच्या उजेडात काय चालते ते त्यांनी लहानपणी पाहिले आहे, आणि या प्रसंगाने ते मुळीच हादरले नाहीत. ते हादरले चौथ्या कथेने, जिथे एकही जनावर मरत नाही. जोडीचे आजोबा एके काळी बैलगाड्यांचा तांडा घेऊन मैदाने ओलांडत पश्चिमेकडे आले होते, आणि आता जेवणाच्या टेबलावर पुन्हा पुन्हा तेच सांगतात. सकाळी जावई कार्ल चिडून बोलतो की ते सारे केव्हाच संपले, मग रोज रोज तेच कशाला, आणि आजोबा नेमके त्याच क्षणी दारात उभे असतात. कार्लची माफी आणि त्यावर आजोबांचे कार्लचेच बरोबर असेल असे म्हणणे, हे संभाषण वाचताना त्या गृहस्थांना आपले वडील आठवले, आणि थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. पुढे आजोबा नातवाला सांगतात की पश्चिमेकडे जाणे संपले, कारण समोर समुद्र आला. किनाऱ्यावर रांगेने बसून त्या समुद्राचा द्वेष करणाऱ्या म्हाताऱ्यांचे त्यांनी केलेले वर्णन मला तरी पहिल्या कथेतल्या गिधाडांपेक्षा अधिक काळ पुरले.

दोष आहेतच. जोडीची आई शेवटच्या एका पानाचा अपवाद सोडला तर बहुतेक पार्श्वभूमीवरच राहते, आणि ते काळाला धरून आहे असे म्हणूनही ती उणीव भरून निघत नाही. दुसऱ्या कथेतला गितानो हा म्हातारा जिथे जन्मला तिथेच मरायला परत येतो. त्याच्या हातून गेलेल्या जमिनीचा इतिहास कथेच्या पाठीमागे स्पष्ट जाणवतो, पण त्याच्या तोंडी चार वाक्यांपलीकडे काही येत नाही, आणि तो बराचसा जोडीच्या कुतूहलाचा विषय होऊनच राहतो. आमच्या गटाने ही कथा सर्वांत कमकुवत ठरवली. मी तिथवर जाणार नाही, कारण कामातून गेलेला घोडा आणि कामातून गेलेला माणूस यांना कार्ल ज्या थंडपणे एका पंक्तीत बसवतो, तो प्रसंग नसता तर चौथ्या कथेतले त्याचे वागणे केवळ सकाळची चिडचिड वाटली असते. ‘चार सुट्या कथा’ या तक्रारीला मात्र इतिहासाचा आधार आहे. पहिल्या दोन कथा १९३३ साली मासिकातून आल्या, तीन कथांचे पुस्तक १९३७ साली ६९९ प्रतींच्या मर्यादित आवृत्तीत निघाले, आणि चौथी कथा १९३८ च्या ‘द लाँग व्हॅली’ या संग्रहात त्यांना येऊन मिळाली. चारही कथांचे स्वतंत्र, सचित्र पुस्तक १९४५ चे. लेखनाला आरंभ झाला तेव्हा स्टाइनबेक यांची आई सलिनासमध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली होती आणि ते तिच्या सेवेत होते, हे कळल्यावर पहिल्या कथेतल्या रात्रीच्या जागरणांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

‘शेवट गोड का नाही’ या प्रश्नाचे एक उत्तर १९४९ च्या चित्रपटात पाहायला मिळते. पटकथा स्टाइनबेक यांचीच आहे, बिलीच्या भूमिकेत रॉबर्ट मिचम आहे, संगीत एरन कोपलंड यांचे आहे आणि ते आजही मैफलींत वाजवले जाते. तिथे घोडी जगते, शिंगरूही जगते आणि सारे हसतात. वचन काहीही न मोजता पाळले गेल्यामुळे बिली बक हा पडद्यावर नुसता एक भला माणूस होऊन बसतो. संगीतासाठी चित्रपट जरूर पाहावा, पण पुस्तकाऐवजी पाहू नये.

आता अटी. नायक दहा वर्षांचा आहे म्हणून दहा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून हे पुस्तक देऊ नये. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि मला ते वय योग्य वाटले, तेही घरातल्या कोणीतरी सोबत वाचत असेल तर. घेताना अनुक्रमणिका उघडून चारही कथा आहेत याची खात्री करावी. इंग्रजी सोपे आहे, वाक्ये छोटी आहेत, आणि दोन संध्याकाळींत पुस्तक वाचून होते, पण पहिल्या कथेनंतर एक दिवस मध्ये जाऊ द्यावा.

मुलीनेही पहिल्या कथेनंतर आठवडाभर पुस्तकाला हात लावला नव्हता. मग एका रविवारी तिने उरलेल्या तिन्ही कथा सलग वाचल्या आणि शेवटचे पान उघडे धरून स्वयंपाकघरात आली. त्या पानावर जोडी आजोबांसाठी लिंबाचे सरबत करायला आईकडे लिंबू मागतो. आईला आधी वाटते की आजोबांचे निमित्त करून हा स्वतःसाठीच मागतो आहे. तो नको म्हणतो. मग तिच्या लक्षात येते, आणि ती लिंबू पिळण्याचे यंत्र वरून काढून द्यायला पुढे होते. मुलीने मला विचारले, “इथे ती त्याला काहीच का बोलत नाही?” मी तिला पान पुन्हा वाचायला सांगितले. त्या पानाच्या समासात तोवर कोणीच काही लिहिले नव्हते. तिने पेन्सिल मागितली.