मत्सरावरचा सहा आठवड्यांचा अभ्यासवर्ग : घ्यावा, पण गुणतक्ता झाकून

मत्सर आणि तुलना यांच्या तावडीतून ख्रिस्ती विश्वासाच्या आधारे सुटता यावे, यासाठी आखलेला सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. आठवड्याला एक ध्वनिमुद्रित पाठ, छापून घेता येईल अशी मननपुस्तिका, रोजचा शास्त्रपाठ आणि आठवड्याच्या शेवटी सहा जणांच्या गटाची तासाभराची भेट, असे त्याचे स्वरूप आहे. अशा वर्गाला कोणी उगाच नाव नोंदवत नाही, आणि आपले कारण लपवून परीक्षण लिहिले तर वाचणाऱ्याने त्यावर विश्वास का ठेवावा, म्हणून ते आधीच सांगतो. मंडळीत माझ्याबरोबर वर्षानुवर्षे वचनाची सेवा करणाऱ्या एका मित्राला लोक माझ्यापेक्षा अधिक आवडीने ऐकू लागले होते. त्याचा उपदेश रंगला की मला त्यातल्या व्याकरणाच्या चुका आठवत, आणि फसला की त्या दिवशी मी त्याच्याशी फार प्रेमाने बोलत असे. ही दुसरी गोष्ट लक्षात आली तेव्हा मी घाबरलो.

पहिला पाठ शब्दांवर आहे आणि तो चांगला जमला आहे. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्यालाही मिळावे असे वाटणे हा हेवा; ते त्याच्याजवळ असूच नये असे वाटणे हा मत्सर; आणि त्याच्या गुणांतही दोष दिसू लागणे ही असूया, अशी विभागणी करून शिक्षक विचारतात की तुम्ही यांपैकी कोणत्या पायरीवर आहात. बोलण्यात आपण हे शब्द सरमिसळ करून वापरतो हे खरे, पण आत्मपरीक्षणासाठी हा भेद कामाला येतो. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने तेराव्या शतकात केलेली व्याख्याही येथे येते : दुसऱ्याच्या भल्यामुळे आपल्या थोरवीला उणेपणा येतो असे मानून होणारे दुःख म्हणजे मत्सर. त्याहून मला रोचक वाटली ती एक जुनी हकिगत. चौथ्या शतकातील संन्यासी इव्हाग्रिअस याने माणसाला छळणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली, तीत मत्सर नव्हता. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला याने त्या यादीची फेरमांडणी करताना तो घातला. शिक्षक यावर थांबत नाहीत. मला मात्र वाटून गेले की वाळवंटात एकट्याने राहणाऱ्याला तुलनेसाठी माणसे कमी भेटत असावीत.

या वर्गाचा सर्वांत समृद्ध भाग दुसऱ्या आठवड्यात आहे. बायबलमधील १ शमुवेल पुस्तकाचा अठरावा अध्याय आपण इस्राएलचा राजा शौल याच्या मत्सराची गोष्ट म्हणून वाचतो : शत्रूचा धिप्पाड योद्धा गल्याथ तरुण दाविदाच्या हातून पडल्यावर स्त्रिया नाचत-गात येतात, गाण्यात मारलेल्या शत्रूंपैकी शौलाच्या वाट्याला हजार आणि दाविदाच्या वाट्याला दहा हजार येतात, आणि त्या दिवसापासून शौल दाविदाकडे वाकड्या नजरेने पाहू लागतो. शिक्षक दोन गोष्टींकडे लक्ष वेधतात. एक म्हणजे, त्या गाण्यात शौलाचे काहीही काढून घेतलेले नव्हते. त्याचे हजार हजारच राहिले होते, फक्त शेजारी दुसरा आकडा आला होता. दुसरी म्हणजे, याच अध्यायाच्या आरंभी शौलाचा मुलगा योनाथान आहे. दाविदामुळे खरोखर काही गमावणार असेल तर तो योनाथान, कारण गादीचा वारस तो होता. आणि तोच आपला झगा, चिलखत, तलवार, धनुष्य आणि कमरबंद उतरवून दाविदाला देतो. बाप भाला उगारतो, मुलगा तलवार देऊन टाकतो, आणि दोघांच्या डोळ्यांसमोर दावीद एकच. आपण मत्सराचे कारण समोरच्या माणसात शोधत असतो. ही दोन माणसे शेजारी ठेवली की तो शोध बंद करावा लागतो. गटात या पाठावर बोलताना तासाची मर्यादा ओलांडली गेली, आणि कोणी तक्रार केली नाही.

तिसरा आठवडा कृतज्ञतेचा आहे आणि तेथे वर्गाचा पाय घसरला आहे. रोज रात्री मिळालेल्या आशीर्वादांची यादी करावी, येथपर्यंत ठीक. पण पुस्तिकेत पुढे सुचवले आहे की आपल्याहून कमी मिळालेल्या व्यक्तीची आठवण करून देवाचे आभार मानावेत. हा तुलनेवरचा उपाय नाही, तुलनेची दिशा तेवढी बदलली आहे. मोजपट्टी हाताशी नसली की माणूस इतरांशी ताडून स्वतःला जोखतो, असे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले. खाली पाहून मिळणारे समाधान हा त्याच सवयीचा भाग होय. पण त्यासाठी मानसशास्त्राकडे जाण्याचीही गरज नाही. लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, मंदिरात उभा राहिलेला परुशी, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, याच नमुन्याची उपकारस्तुती करतो : मी इतर माणसांसारखा नाही, या जकातदारासारखा नाही, म्हणून देवा, तुझे आभार. नीतिमान ठरून घरी जातो तो पापी समजला जाणारा जकातदार. शास्त्रावर एवढी पकड असलेल्या शिक्षकांना हा दाखला कसा आठवला नाही, याचे मला नवल वाटते. मी या आठवड्यात केवळ यादी केली आणि पुढचे रकाने कोरे ठेवले.

चौथ्या आठवड्यात स्तोत्र ७३ आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आहे. स्तोत्र ७३ हे आसाफ या गीतकाराचे; ते मला पाठ होते, तरी ते मी इतके सावकाश कधी वाचले नव्हते. दुर्जनांची भरभराट पाहून आपले पाय लटपटले हे तो दुसऱ्याच वचनात सांगून टाकतो, पुढे त्यांच्या सुखाचे वर्णन जवळजवळ चवीने करतो, आणि आपण मन उगाच शुद्ध राखले असे म्हणण्यापर्यंत येतो. मत्सर बोलून दाखवायला देवासमोर जागा आहे, तीही उपासनेच्या गीतात, हे शिक्षकांनी ठसवले आहे. सतराव्या वचनात तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि तेथून स्तोत्राची नजर बदलते. पण शिक्षक म्हणतात तसे, दुर्जनांचा शेवट कळला म्हणून त्याचे मन शांत झाले, एवढ्यावर थांबता येत नाही. खरे वळण पंचविसाव्या वचनात आहे, कारण तेथे तो दुर्जनांविषयी बोलतच नाही, देवावाचून स्वर्गात मला दुसरे कोण आहे, असे विचारतो. मत्सर गेल्याची खूण समोरच्याविषयी चांगले वाटू लागण्यात नाही, समोरचा विषयातून निघून जाण्यात आहे, हा या वर्गातला सर्वांत नेमका विचार होय.

योहानाच्या एकविसाव्या अध्यायात याच विचाराला प्रभूच्या शब्दांचा आधार मिळतो. माझी मेंढरे चार ही आज्ञा येशूचा शिष्य पेत्र याला तीनदा मिळाली आहे, आपले मरण कसे असेल याचे सूचनही झाले आहे, आणि तेवढ्यात तो मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे पाहतो व विचारतो की याचे काय. येशू त्या शिष्याचे काय होणार ते सांगत नाही. तुला त्याचे काय, तू माझ्यामागे ये, एवढेच सांगतो. माझ्यासारख्या सेवा करणाऱ्यांच्या मत्सराला हे उत्तर थोडे कठोर वाटते, पण पेत्राचे काम या उत्तराने कमी होत नाही. मेंढरे अजून चारायचीच आहेत.

पाचव्या आठवड्यातील द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला समजावताना मात्र वर्गाकडून जी गफलत झाली आहे, ती केवळ पाठातली उणीव म्हणून सोडून देण्यासारखी नाही. दिवसभर राबलेल्यांना आणि तासभर काम केलेल्यांना मालक सारखेच वेतन देतो, आणि मी उदार आहे म्हणून तुझ्या डोळ्यांत सलते काय, असे विचारतो. येथून शिक्षक असा निष्कर्ष काढतात की 'हे न्याय्य नाही' असे मनात आले की आपण मत्सरात आहोत असे समजावे. परंतु या दाखल्यात ठरलेल्या वेतनातला एक पैसाही कोणी बुडवलेला नाही, आणि म्हणूनच तक्रार मत्सराची ठरते. मजुरांची बुडवलेली मजुरी ओरडत आहे आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी गेला आहे, असे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे. त्या मजुरांना कोणी मत्सरी म्हटलेले नाही. आमच्या गटातील एका बहिणीने, आपले काम दुसऱ्याच्या नावावर खपवले गेल्याचे सांगितले, तेव्हा गटप्रमुखांनी तिला अंतःकरण तपासायला सांगितले. ती पुढच्या भेटीला आली नाही. अन्याय आणि मत्सर यांतला भेद शिकवणारा अर्धा तास जरी या वर्गात असता, तरी तिला वेगळे उत्तर मिळाले असते.

आणि आता त्या गुणतक्त्याविषयी. वर्ग ज्या ॲपवरून चालतो, त्यात रोजचा शास्त्रपाठ पूर्ण केला की गुण मिळतात, आणि गटातील सहाही जणांची नावे गुणांच्या क्रमाने दिसतात. तुलना सोडण्याच्या वर्गात मी दुसऱ्या आठवड्यात चौथा होतो, हे मला आजही आठवते. पहिल्या क्रमांकावर असलेले गृहस्थ पहाटेच पाठ पूर्ण करत, आणि शौलाविषयीचा पाठ ऐकताना माझ्या मनात त्यांचे नाव आले होते. हा तक्ता सेटिंगमध्ये जाऊन झाकता येतो, पण तसे कोणी सांगत नाही. मला ते तिसऱ्या आठवड्यात सापडले.

सहाव्या आठवड्यात पाठ फार छोटा आहे आणि सारा भर एका साधनेवर आहे. ज्याचा मत्सर वाटतो त्याचे नाव घेऊन चौदा दिवस प्रार्थना करायची, आणि जी गोष्ट आपल्याला खुपते तीच त्याला अधिक मिळो, असे मागायचे. रडणाऱ्यांबरोबर रडण्यापेक्षा आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करायला मोठे मन लागते, असे योहान क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने चौथ्या शतकात रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर बोलताना म्हटले होते. त्याचा प्रत्यय मला आला. पहिले चार-पाच दिवस माझे शब्द उघड खोटे होते आणि मी देवाला तसे सांगितलेही. आठव्या-नवव्या दिवशी मित्राच्या उपदेशाची तयारी कशी चालली आहे हे विचारायला मी त्याला फोन केला, आणि बोलता बोलता एका वचनाचा अर्थ त्याला सांगून बसलो. तो अर्थ त्याने उपदेशात वापरला, माझे नाव न घेता. मला ते खुपले. पण एका दिवसापेक्षा जास्त खुपले नाही, आणि माझ्या बाबतीत हा लहान फरक नव्हे.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. भाषा शुद्ध असली तरी काही पाठांत उपदेशी स्वर लांबतो. मननपुस्तिकेत लिहिण्यासाठी जागा अपुरी आहे, त्यामुळे स्वतंत्र वही ठेवावी. पापकबुली कोणापुढे करावी आणि कोणापुढे करू नये, याविषयी एक पान आहे, तेही वाचावे : ज्याचा मत्सर वाटतो त्याला सारे सांगून आपण हलके व्हायचे आणि तो भार त्याच्या डोक्यावर ठेवायचा, हे त्यात योग्यच टाळायला सांगितले आहे. मत्सर हा आपला प्रश्न आहे हे ज्याला आधीच मान्य आहे, त्याने हा वर्ग जरूर घ्यावा. खरोखर अन्याय झालेल्या माणसाला मात्र तो आज आहे त्या रूपात मी सुचवणार नाही. तिसऱ्या आठवड्यातील तुलनेचे रकाने गाळावेत, सहाव्या आठवड्यातली प्रार्थना पहिल्या दिवसापासून सुरू करावी, आणि ॲप उघडल्यावर सर्वांत आधी तो तक्ता झाकावा.