लेगोच्या विटांची ‘पीजे’: मोठ्या देखाव्यासाठी हे साहित्य कसे ठरले?

पाचोरा ते जामनेर ही 56 किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी आमच्याकडे ‘पीजे’ या दोन अक्षरांनीच ओळखली जाई. 2020च्या टाळेबंदीत ती थांबली. तिच्यातून रोज ये-जा केलेली माणसे अजून घराघरांत आहेत तोवर तिचा एक देखावा लेगोच्या, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या खेळण्यातल्या विटांतून उभा करावा, असे आम्ही चौघांनी ठरवले आणि दहा महिन्यांच्या खटाटोपानंतर गेल्या डिसेंबरात जळगावला भरलेल्या छंदप्रेमींच्या दोन दिवसांच्या संमेलनात तो मांडला. वाढदिवसाला खोका भेट देणाऱ्यांना या लेखाचा फारसा उपयोग होणार नाही. पाहुण्यांसमोर मांडण्याजोगे, टेम्पोत चढवून दुसऱ्या गावी नेण्याजोगे काही मोठे करावयाचे असेल, तर हे साहित्य कुठवर साथ देते आणि कुठे आपल्याला एकटे सोडते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

विटेविषयी प्रथम. डेन्मार्कमधील बिलुंड या गावच्या एका सुताराने 1932 साली सुरू केलेल्या कारखान्याने 1958च्या जानेवारीत आजच्या विटेचे पेटंट मागितले. वर खुंट्या आणि आत पोकळ नळ्या अशी ती रचना असून, या नळ्यांमुळेच वीट विटेला घट्ट धरते आणि तरीही मुलाच्या हाताने सुटते. दोन खुंट्यांमधील अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6 मिलिमीटर आणि पातळ पट्टीची उंची त्याच्या बरोबर तिसरा हिस्सा, म्हणजे 3.2 मिलिमीटर. हे तीन आकडे ज्याला पाठ झाले, त्याला निम्मे काम कागदावरच उरकता येते. आमच्यातील एकाने संपूर्ण आराखडा ‘स्टुडिओ’ या विनामूल्य संगणक-प्रणालीत आधी तयार केला होता. कोणत्या रंगाच्या किती विटा लागतील याची यादी तीच काढून देते आणि सुट्या विटांच्या खरेदीसाठी ब्रिकलिंक या संकेतस्थळावर ती यादी तशीच चढवता येते. माझ्या मते नवख्या माणसाने विटांवर पैसे घालण्याआधी महिनाभर या प्रणालीवर हात बसवावा.

किंमत हा मात्र दुखरा भाग आहे. परदेशातून येणाऱ्या खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 साली 70 टक्के झाले. भारतीय मानक ब्युरोचे चिन्हही 1 जानेवारी 2021पासून खेळण्यांना सक्तीचे आहे. चिन्हाबद्दल माझी तक्रार नाही, पण सुमारे तीस हजार तुकडे लागणार असतील तेव्हा शुल्काचा भार प्रत्येक विटेमागे जाणवतो. म्हणून आम्हीही, सगळे करतात तेच केले. पाण्याच्या टाकीचे चार खांब आणि गोदामाच्या मागच्या भिंती ज्या डोळ्यांत भरत नाहीत, त्या लेगोशी जुळणाऱ्या एका स्वस्त विटेच्या करायच्या ठरवल्या. ती कोणत्या कारखान्याची होती ते सांगण्याचे कारण नाही, कारण खोका उघडताना ती हुबेहूब वाटली आणि चार-पाच थरांपर्यंत कुठेही शंका आली नाही. टाकीचे दोन खांब या विटांचे व दोन लेगोचे असे तीस थर चढल्यावर वरची पट्टी बसेना. मोजले तेव्हा फरक दोन मिलिमीटरच्या आसपास निघाला. एका विटेत तो केसाएवढाही नव्हता, तीस विटांत साचून टाकी कलली. चारही खांब एकाच मालाचे केले असते तर कदाचित कळलेही नसते. तेव्हा स्वस्त विटा वापरू नयेत असे मी म्हणणार नाही, पण एकाच उभ्या रचनेत दोन माल मिसळू नयेत.

आता ज्या गोष्टीने आमचे सर्वांत जास्त रविवार खाल्ले तिच्याकडे येतो. ती म्हणजे देखाव्याचा तळ. 48 खुंट्या लांब आणि 48 खुंट्या रुंद अशी बेसप्लेट साधारण 38.4 सेंटिमीटरची असते. आम्ही लांबीत आठ आणि रुंदीत तीन अशा चोवीस घेतल्या, म्हणजे देखावा सुमारे 3.07 मीटर लांब आणि 1.15 मीटर रुंद झाला. बेसप्लेट ही पातळ पत्र्यासारखी लवचीक असते आणि तिला खालून नळ्या नसल्यामुळे ती दुसऱ्या विटेवर बसवता येत नाही. जमिनीवर ठेवून खेळण्यासाठी ती योग्यच आहे, परंतु तिच्यावर फलाट बांधून ती दोन्ही हातांनी उचलली, की मधोमध झोळ येतो आणि फलाट टचटच उखडत जातो. पहिल्याच महिन्यात अर्धे स्टेशन असे माझ्या हातात सुटले. त्यानंतर आम्ही आमच्या गल्लीतील सुतारकाका गाठले. त्यांनी 12 मिलिमीटरच्या प्लायवुडचे आठ पाट केले. प्रत्येक पाटावर रुंदीच्या अंगाने तीन बेसप्लेट बसतात, पाटाला खालून दोन आडव्या पट्ट्या आहेत आणि शेजारच्या पाटाशी तो दोन नट-बोल्टांनी जोडला जातो. काकांना खुंटीचा हिशेब समजावताना मी आठाचा पाढा म्हणू लागलो, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, “भाऊ, मला एक प्लेट द्या आणि चहा घेऊन या.” त्यांनी प्लेट लाकडावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. त्यांचा एकही पाट चुकला नाही, आणि मी मोजून कापलेला एक पाट चुकला.

त्या पाटांच्या सांध्यांत आम्ही जाणूनबुजून मिलिमीटरभर फट ठेवली आहे. विटा ज्या एबीएस प्लास्टिकच्या असतात ते उष्णतेने फुगते. दर मीटरला दर अंशामागे साधारण 0.08 मिलिमीटर, असा ढोबळ हिशेब धरता येतो. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे दहा अंश आणि दुपारी तीस, अशी तफावत काही नवलाची नाही. तीन मीटर सलग रचना असेल तर पहाटे आणि दुपारी तिच्या लांबीत पाच मिलिमीटरच्या आसपास फरक पडेल, म्हणजे अर्ध्या खुंटीपेक्षा जास्त. पुस्तकी वाटणारा हा हिशेब आम्ही गच्चीवरच्या खोलीत अनुभवला आहे. रात्री सरळ बसवलेली फलाटाची लांब कड दुपारी मधेच कमान धरून उभी राहिली होती. खान्देशच्या उन्हाळ्याने विटा वितळत नाहीत, एवढा दिलासा देऊन ठेवतो. मात्र थेट ऊन लागणाऱ्या खिडकीजवळ पांढऱ्या विटा ठेवू नयेत, त्या पिवळ्या पडतात. धूळ हा दुसरा शत्रू असून ती खुंट्यांच्या मधे बसते. तिच्यासाठी रंगाऱ्याचा मऊ ब्रश पुरतो.

गाडीच्या बाबतीत लेगोचे साहित्य मला फार आवडले. रुळाचा सरळ तुकडा 16 खुंट्यांचा असतो, म्हणजे 48च्या पाटावर बरोबर तीन तुकडे बसतात आणि प्रत्येक सांधा पाटाच्या कडेलाच येतो. वळणाचे 16 तुकडे मिळून पूर्ण वर्तुळ होते. त्याची त्रिज्या 40 खुंट्या, रुळाखालच्या आडव्या पट्टीची, म्हणजे स्लीपरची निम्मी रुंदी 4, बाहेर राखलेली मोकळी जागा 4, अशी बेरीज केली की दोन्ही टोकांच्या पाटांत अर्धवर्तुळ असे बसते, जणू बिलुंडमध्ये कोणी आमच्या सुतारकाकांशी आधी बोलून घेतले होते. पीजे कधी गोल फिरली नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. मागचा अर्धा मार्ग आम्ही अजिंठ्याच्या डोंगररांगेमागे लपवला, त्यामुळे गाडी एका बाजूला दिसेनाशी होते आणि काही वेळाने दुसऱ्या बाजूने येते. लहान मुले या मधल्या वेळात श्वास रोखून उभी राहतात, हे मी दोन दिवस पाहिले.

गाडीची मोटार चालवणाऱ्या लेगोच्या ‘पॉवर्ड अप’ संचाला सहा बारीक सेल लागतात आणि मोबाइलवरूनही ती चालवता येते. प्रदर्शनात साधे सेल विकत घेत बसणे परवडणारे नाही, म्हणून आम्ही पुन्हा चार्ज होणारे सेल वापरले. त्यांचा दाब दीड व्होल्टऐवजी 1.2 असल्यामुळे नऊऐवजी 7.2 व्होल्ट मिळतात व गाडी मंदावते. पीजेच्या बाबतीत हा दोष न ठरता गुणच ठरला. दोन संच आलटून-पालटून चार्जिंगला लावले की दिवस निघतो, फक्त सेल बदलण्यासाठी इंजिनाचे छप्पर एका ओढीत निघेल असे आधीच बांधून ठेवावे.

सजावटीतील एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिच्याबद्दल सर्वाधिक विचारणा झाली. फलाटाच्या पुढे कपाशीचे शेत आहे. काळ्या आणि गडद तपकिरी पट्ट्या विस्कटून लावल्या की काळी जमीन होते. तिच्यावर हिरव्या दांड्याला फुटलेली तीन पाने आणि टोकाला एका खुंटीची पांढरी गोल चकती, म्हणजे उमललेले बोंड. अशी सहाशेच्या वर झाडे माझ्या मुलीने व तिच्या आजीने दूरदर्शन पाहता पाहता केली. पहिल्या रांगा अगदी शिस्तीत लावल्या होत्या, तेव्हा आजी म्हणाल्या की एवढी सरळ कपाशी तर कृषी खात्याच्या चित्रातही नसते. मग मधली काही झाडे काढून टाकली, काही वाकवली आणि दोन ठिकाणी बोंडे खाली जमिनीवर टाकली. त्यानंतर ते शेत दिसू लागले.

सभागृहातील दिवस आमच्या हिशेबाबाहेरच्या गोष्टींनी सुरू झाला. भाड्याने आलेल्या टेबलांची उंची सारखी नव्हती. दोन टेबलांत दीड सेंटिमीटरचा फरक होता आणि देणाऱ्याच्या मते तो “दिसत नाही”. रुळाला तो दिसतो. गाडी तिसऱ्या सांध्यावर दर फेरीला घसरत होती. शेवटी पुठ्ठ्याचे तुकडे, एक जुनी वही आणि कोणाच्या तरी डब्याचे झाकण पायांखाली सरकवून, पाण्याची पातळी दाखवणारी सुताराची नळी लावून आम्ही सर्व टेबले एका पातळीत आणली, तोवर उद्घाटनाची वेळ झालेली होती. पुढच्या खेपेस पाटांना स्वतःचे, पेच फिरवून कमी-जास्त होणारे पाय बसवणार आहोत. टेम्पोने मात्र काही नुकसान केले नाही, कारण पाट एकावर एक न रचता फळ्यांच्या मांडणीत उभ्या कप्प्यांत सरकवले होते आणि उंच वस्तू, टाकी, सिग्नल, झाडे, वेगळ्या खोक्यात होत्या. गोंदाचा थेंबही कुठे वापरलेला नाही. गोंद लावणारे लोक आहेत, पण मग तो विटांचा देखावा राहत नाही, असे माझे हट्टी मत आहे.

प्रेक्षकांविषयी दोन गोष्टी सांगतो. देखावा 75 सेंटिमीटर उंचीवरच ठेवावा. मोठ्यांना थोडे वाकावे लागते, पण सहा वर्षांच्या मुलाचे डोळे फलाटाच्या थोडेच वर येतात आणि त्याला गाडी समोरून येताना दिसते. दुसरे, ‘हात लावू नये’ ही पाटी एकटी पुरत नाही. शेजारी सुट्या विटांची एक परात ठेवली आणि गर्दी निम्मी तिकडे वळली. फलाटावर शेंगदाण्याची टोपली घेतलेली बाई, गाडी चुकलेला गृहस्थ आणि छपरावरचे मांजर शोधून दाखवा, असेही आम्ही सांगत होतो. मांजर कोणालाच लवकर सापडत नसे.

पहिल्या दिवशी दुपारी धोतर नेसलेले एक आजोबा बराच वेळ रुळांकडे पाहत थांबले आणि मग म्हणाले, “आमनी पीजे इतली रुंद नही व्हती, भो.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. लेगोच्या रुळांतील अंतर 37.5 मिलिमीटर आहे. ते मुंबई–भुसावळच्या मोठ्या मार्गाचे, 1676 मिलिमीटरचे धरले, तर प्रमाण एकास पंचेचाळीसच्या जवळ जाते आणि फलाटावरची माणसेही साधारण त्याच मापाची वाटतात. त्या प्रमाणात पीजेचा 762 मिलिमीटरचा मार्ग जेमतेम 17 मिलिमीटरचा, दोन खुंट्यांहून किंचित जास्त व्हायला हवा. तेवढ्या रुंदीवर ही मोटार बसत नाही, म्हणून आम्ही निमूटपणे मोठ्या मार्गाचे रूळ घालून गाडीला पीजे म्हटले होते. ही तडजोड आम्ही पाटीवर लिहायला हवी होती आणि आम्ही ती लिहिली नव्हती.

त्या रात्री आम्ही लॉजच्या खोलीत बसून दोन खुंट्यांच्या अंतराने पट्ट्या लावून हातभर खरा मार्ग केला आणि त्यावर त्याच प्रमाणात एक अरुंद डबा ठेवला. त्याला मोटार नव्हती, चाके फिरत नव्हती. दुसऱ्या दिवशी तो फलाटाच्या अलीकडे, ‘पीजेची खरी रुंदी’ अशी चिठ्ठी लावून मांडला आणि दिवसभर चालत्या गाडीपेक्षा त्या उभ्या डब्याजवळ अधिक मोबाइल वर झाले. आजोबा संध्याकाळी नातवाला घेऊन पुन्हा आले. खाली वाकून, रुळांमध्ये करंगळी धरून त्यांनी रुंदी मान्य केली, आणि डब्याचा रंग मात्र सपशेल चुकला आहे असे सांगून ते नातवाबरोबर मांजर शोधू लागले.