कवडशांचा हिशेब: फिशआय लेन्स की प्रकाशाचा सेन्सर?

समशीतोष्ण पानगळीच्या दाट वनात भर उन्हाळ्यात वरच्या प्रकाशापैकी बऱ्याचदा एक-दोन टक्केच जमिनीपर्यंत पोचतो आणि त्यातलाही मोठा वाटा कवडशांचा असतो. त्यामुळे वनतळावरच्या रोपांचा अभ्यास सुरू करताना हा प्रकाश कशाने मोजायचा, हे आधी ठरवावे लागते. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या शुगर मेपल, बीच आणि हेमलॉकच्या वनात मी वरचे सगळे आकाश एका गोल छायाचित्रात टिपणारी फिशआय लेन्स आणि जागेवर ठेवून प्रकाश सतत मोजणारा सेन्सर ही दोन्ही साधने प्रत्येकी एक हंगाम वापरली आहेत. आरशाचे डेन्सिओमीटर या तुलनेत धरलेले नाही; त्याच्या 96 बिंदूंवरून वर किती झाकलेले आहे एवढेच कळते.

फिशआयचे मोठे बळ असे, की एकाच छायाचित्रावर सूर्याचा वर्षभराचा मार्ग आखता येतो आणि त्यावरून संपूर्ण हंगामाचा अंदाज बांधता येतो. एका पहाटेत कितीतरी जागा उरकतात आणि वनात काहीही ठेवून यावे लागत नाही. ट्राउट लिली या वसंतात फुलणाऱ्या छोट्या वनफुलाच्या एका ताटव्यावरून मी एप्रिलच्या मध्यापासून दर आठवड्याला छायाचित्र घेत होतो. आधी नुसत्या फांद्यांची जाळी दिसे, मग मेपलचे कोंब फुटले आणि मे सरता सरता आकाश जवळजवळ मिटले. त्याच सुमारास खाली लिलीची ठिपकेदार पाने पिवळी पडू लागली होती. ही गोष्ट आकड्यांच्या रकान्यातून मला इतकी स्पष्ट दिसली नसती.

ऊन टाळण्यासाठी पहाट किंवा ढगाळ दिवस गाठावा लागतो, पण त्याचा मला जाच वाटला नाही. जाच झाला तो थ्रेशोल्डचा. किती उजळ ठिपका आकाश मानायचा आणि किती काळा ठिपका पान, हे बऱ्याचदा शेवटी आपल्यालाच ठरवावे लागते. हेमलॉकखालची तीच छायाचित्रे मी एका संध्याकाळी तपासली आणि पंधरवड्याने पुन्हा तपासली, तेव्हा एका जागेचे मोकळे आकाश 4 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर गेले होते. मोकळ्या जागी एवढा फरक खपून गेला असता. पण गर्द सावलीत रोप तगते की मरते, हे तेवढ्याच फरकावर ठरू शकते. शिवाय या पद्धतीत पान अपारदर्शक काळे धरलेले असते. पानांतून झिरपणारा आणि पानांवरून उसळून खाली येणारा प्रकाश हिशेबात येत नाही आणि तळाच्या रोपांना तर पुष्कळदा तोच मिळत असतो.

सेन्सरचीही कटकट कमी नाही. तुलनेसाठी एक सेन्सर मोकळ्या मैदानात समांतर चालू ठेवावा लागतो, प्रत्येकाची पातळी साधावी लागते आणि एक गळलेले पान त्यावर पडले तरी अख्खा दिवस वाया जातो. वीतभर सरकवल्यास वाचन पार बदलते. कितीही जागा घ्याव्यात म्हटले तरी हाताशी असलेल्या सेन्सरांपलीकडे जाता येत नाही. तरीही एका बीचच्या रोपाशेजारी अकराच्या सुमारास 12 मायक्रोमोलवर (दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशाचे माप) रेंगाळणारा आकडा कवडसा येताच 600 च्या वर गेलेला आणि काही मिनिटांत परत उतरलेला मी पाहिला, तेव्हा त्या रोपाचा दिवस कसा जातो हे मला प्रथमच समजले. त्या आकड्यात माझ्या नजरेचा कौल मिसळलेला नव्हता.

शेकडो जागा आणि वनाचे सर्वसाधारण चित्र हवे असेल, तर फिशआय घ्यावे, असे मी मोकळेपणाने सांगेन. एप्रिल-मेमध्ये माझ्याही पिशवीत ते असतेच. मात्र आपला प्रश्न गर्द सावलीतल्या रोपांचा असेल, तर माझ्या मते मोजकेच का होईना, सेन्सर घ्यावेत. फक्त लॉगरमध्ये, म्हणजे सेन्सरची वाचने नोंदवणाऱ्या यंत्रात, दहा-दहा मिनिटांची सरासरी साठवू नये. सावलीतल्या पानाला प्रकाशसंश्लेषणाचा पूर्ण वेग गाठायला कित्येक मिनिटे लागतात. त्यामुळे एकामागोमाग आलेले पाच कवडसे आणि दिवसभरात विखुरलेले पाच कवडसे त्याला सारखे नसतात, आणि सरासरीत नेमका हाच भेद पुसला जातो.