खडकीचे ३१५ बोअरचे काडतूस: गोव्यातील घरासाठी कितपत योग्य?

सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांत परवान्याची बंदूक बाळगणारी घरे आजही आहेत. ३०३ ही लष्करी बोअर, म्हणजे नळीचे माप, निषिद्ध वर्गात मोडत असल्यामुळे, ज्याला रायफलच हवी असते त्याच्या हाती बहुधा ३१५ बोअरची भारतीय बनावटीची रायफल येते आणि तिच्यासोबत खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे काडतूस. हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे.

काडतूस म्हणून त्यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. पितळी पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे आणि उत्पादनाचे वर्ष कोरलेले असते. पुढे २४४ ग्रेन, म्हणजे सुमारे १५.८ ग्रॅम वजनाची गोळी, जिच्या आवरणातून शिशाचे मऊ टोक उघडे दिसते. हे टोक आदळताच पसरते, त्यामुळे पूर्ण आवरणाच्या गोळीपेक्षा ती लक्ष्यातून आरपार जाण्याचा संभव कमी राहतो. घराच्या रक्षणासाठी ३१५ वापरायचीच असेल, तर मऊ टोकाखेरीज दुसरा प्रकार घेऊ नये.

माझा आक्षेप काडतुसाला नसून जागेला आहे. जुन्या घराची चिऱ्याची जाड भिंत बराच मार सोसते. परंतु आतल्या आडभिंती अनेकदा अर्ध्या विटेच्या, दारे लाकडी आणि वर केवळ मंगळुरी कौले. खोलीच्या अंतरावरून चुकलेली रायफलची गोळी, टोक मऊ असले तरी, अशी आडभिंत ओलांडून पलीकडे झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकते, आणि वाड्यावरची घरे एकमेकांना किती खेटून असतात हे गोव्यात कोणाला सांगायला नको. भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा दिलेली नाही. शेजाऱ्याला लागलेल्या गोळीचा जाब तर द्यावाच लागतो.

म्हणून परवाना अजून व्हायचा असेल, तर घरासाठी मी बारा बोअरच्या छऱ्यांच्या बंदुकीकडे झुकेन. त्यातही एलजी किंवा एसजी या जाड छऱ्यांच्या काडतुसांत आडभिंत ओलांडण्याचे भय असतेच. ४ नंबरच्या बारीक छऱ्यांचा जोर भिंतीत लवकर मरतो. बारा बोअरने नेम धरावा लागत नाही, हा समज मात्र खोलीत फोल ठरतो, कारण इतक्या जवळून छरे फारसे पसरतच नाहीत.

खरेदी करताना विक्रेत्याला पेटी उघडून दाखवायला सांगावे. बुडावरचे वर्ष वाचावे, पितळेवर हिरवा गंज चढला आहे का ते पाहावे आणि परवान्यावर झालेली नोंद तिथेच तपासावी. आपल्याकडचा पावसाळा काडतुसांचा वैरी आहे. बारा बोअरची जुनी कागदी काडतुसे दमटपणाने फुगतात आणि नळीत नीट बसत नाहीत, तेव्हा प्लास्टिकचीच मागावीत. काडतुसांना तेल चोळण्याची काहींची सवय घातक आहे. ते कॅपमध्ये, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, झिरपले की ऐनवेळी बार उडत नाही. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि बंदुकीपासून वेगळ्या कपाटात कुलूप, एवढे पुरेसे आहे.