भडंगची ऊब: हीट मॅट आणि उबवणीचा कंट्रोलर, ९ महिन्यांनंतर

आधी कायद्याचं उरकून घेते. भडंग हा माझा पाळलेला साप, बॉल पायथन, म्हणजे बिनविषारी अजगराची एक जात. ही जात पश्चिम आफ्रिकेतली आणि साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये येते, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी केलेली आहे. आपल्याकडचा साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मग ती शेतातली बिनविषारी धामण का असेना. शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "शिराळ्यासनं आणलास व्हय गं?" नागपंचमीच्या नागांसाठी प्रसिद्ध असलेलं बत्तीस शिराळा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे सांगलीत साप म्हटलं की गाडी तिथेच जाते. भडंग हे नाव मात्र त्याच्या रंगावरून पडलं. तिखट-हळद लावलेल्या कुरमुऱ्यात मधेच करपलेला लसूण दिसावा, तसा दिसतो.

तर ऑक्टोबरमध्ये ३ फुटी काचेची पेटी, तिच्या तळाखाली लावायची १४ वॅटची हीट मॅट आणि एसटीसी-१००० नावानं मिळतो तो डिजिटल कंट्रोलर (ठरवलेल्या तापमानाला वीज चालू-बंद करणारा), एवढ्या सामानावर सुरुवात केली. मॅट विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "थर्मोस्टॅट कशाला? मॅट आपोआप थांबते." थांबत नाही. मी मिरजेला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, ३७ अंशांच्या इनक्युबेटरशी रोजची गाठ, म्हणून विश्वास ठेवला नाही. मॅट नुसतीच टेबलावर ठेवून वर जाड टॉवेल टाकला. अर्ध्या तासात तिथे हात ठेववेना. ही मॅट म्हणजे न थांबणारी इस्त्री समजा, फक्त सावकाश तापणारी.

कंट्रोलर मामांनी जोडून दिला. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि गावाकडच्या कोंबडीवाल्यांच्या उबवणी यंत्रांना ते हाच कंट्रोलर लावतात. "साप काय न् अंडं काय, उबच पायजे की," असं त्यांचं म्हणणं. हा कंट्रोलर उघडा येतो, मागे नुसते स्क्रू. तो तसाच वापरू नका. मामांनी प्लास्टिकच्या स्विच बॉक्समध्ये बसवला, आधी फ्यूज टाकला आणि त्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, लावायला लावला. पेटीत पाण्याचं भांडं असतं आणि साप ते सांडतो, हे त्यांना सांगितल्यावर प्लगच्या अलीकडे वायरीला खाली झोळही दिला, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळावरून खाली टपकेल.

वापरण्याआधी प्रोब, म्हणजे कंट्रोलरच्या वायरीच्या टोकाचा तापमान मोजणारा सेन्सर, तपासून घ्या. बर्फ बारीक कुटून त्यात थोडं पाणी घातलं, प्रोब बुडवून १० मिनिटं थांबले. शून्य दिसायला हवं, माझ्याकडे ०.९ दिसत होतं. कंट्रोलरच्या एफ ४ या सेटिंगमध्ये उणे ०.९ टाकलं की काम झालं. चालू आणि बंद होण्याच्या तापमानातला फरक, म्हणजे एफ २, आधी ०.५ होता. रात्रभर रिलेची (कंट्रोलरच्या आतल्या स्विचची) टिकटिक ऐकून आई वैतागली, म्हणून १ केला. आता तो ३३ ला चालू होतो, ३४ ला बंद.

३४ का, तर बॉल पायथनला गरम बाजूला ३१ ते ३३ आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश लागतात. त्याचं त्यानं ठरवायचं कुठे बसायचं ते. उंदीर गिळल्यावर ऊब मिळाली नाही तर तो पचत नाही, साप ओकून टाकतो. माझा प्रोब काचेच्या खाली आहे, आणि काचेच्या वरच्या बाजूला दोनेक अंश कमी मिळतात. प्रोब कुठे आहे त्यावर आकडा ठरतो. कुणी नुसतं "३२ ला लाव" म्हणालं तर कुठला ३२ ते विचारा.

ही अक्कल मला डिसेंबरमध्ये आली.

तेव्हा प्रोब पेटीच्या आत होता, रबरी चकतीनं काचेला चिकटवलेला. एका संध्याकाळी मिरजेहून आले तर कंट्रोलरवर २४.६ आणि हीटिंगचा लाल दिवा चालू. बाहेर थंडी होती, म्हटलं असेल. सवयीनं पेटीखाली बोटं घातली आणि झटकन मागे घेतली. लांबूनच तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन लावली, काचेवर ४७. चकती सुटून प्रोब थंड बाजूच्या पाण्याच्या भांड्यात पडला होता. कंट्रोलर बिचारा प्रामाणिकपणे पाण्याचं तापमान मोजत होता आणि गार आहे म्हणून मॅट पेटवत होता. भडंग भांड्याच्या मागे अंग चोरून बसलेला. पोटाखालून भाजत असलं तरी साप वेळेत सरकतोच असं नाही. आमचा सरकला, पण ३ खवले तपकिरी झालेच. डॉक्टरांना दाखवलं, मलम दिलं. दोन कातींनंतर डाग गेला, माझी धास्ती काही गेली नाही.

त्या रात्री मामांना फोन केला तर म्हणाले, "प्रोब सुटतो, रिले चिकटतो, हे धरूनच चालायचं गं. उबवणीत एकदा तीनशे अंडी उकडलीत आमची." मग दुसऱ्या दिवशी दोन बदल केले. प्रोब मॅट आणि काच यांच्यामध्ये, बाहेरून पक्का केला. आत चिकटपट्टी तर कधीच नको, सापाचे खवले तिला चिकटून सोलले जातात. आणि मॅटला चिकटवून ४५ अंशांचा बायमेटल कटआउट, म्हणजे तेवढं तापलं की आपोआप वीज तोडणारा स्विच, मॅटच्याच वायरीत सिरीजमध्ये टाकला. बटनाएवढी वस्तू, केएसडी ३०१ म्हणून मागायची, चाळीस रुपयांच्या आत मिळाली. कंट्रोलर खुळावला तरी ही वस्तू मॅटची वीज तोडते. फेब्रुवारीत मुद्दाम प्रोब बर्फात बुडवून परीक्षा घेतली, तोडली. साप त्या वेळी कापडी पिशवीत, गाठ मारून.

इन्फ्रारेड गनचं एक सांगायचं राहिलं. पहिल्यांदा मी प्रोबवर चकचकीत ॲल्युमिनियमची पट्टी लावली आणि गन तिच्यावरच धरली. २९ दाखवलं, बोटाला मात्र चांगलाच चटका. चकचकीत धातूवर गन खोटं बोलते, आजूबाजूच्या वस्तूंची उष्णता परावर्तित होऊन येते ती मोजते. आता मापायच्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा आहे.

मॅटबद्दल खरी तक्रार एकच. तिनं जमीन तापते, हवा नाही. जानेवारीत पहाटे घरातच २० अंश, मग थंड बाजूही २० वर. तीन बाजूंनी बाहेरून थर्माकोल लावलं, हवेत दोन-तीन अंशांचा फरक पडला. रात्रीपुरता ६० वॅटचा सिरॅमिक हीटर जाळीच्या झाकणावर ठेवला, त्याला वेगळा कंट्रोलर. त्याला उजेड नाही, हे रात्रीसाठी चांगलं, पण पृष्ठभाग इतका तापतो की होल्डर चिनी मातीचाच हवा. पहिल्या रात्री घरातला बल्बचा साधा होल्डर लावला होता. तासाभरात बॅकेलाइट जळाल्याचा तो माशासारखा वास. आई स्वयंपाकघर शोधत होती आणि मी पेटी. शिवाय हा हीटर हवा कोरडी करतो. आर्द्रता ५० ते ६० टक्के हवी, माझ्याकडे ३५ वर आली आणि ती कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली. मग ओलं शेवाळ भरलेला डबा ठेवला तेव्हा पुढची एकसंध आली. त्या थंडीत दोन महिने भडंगनं उंदराकडे बघितलंही नाही. बॉल पायथन असे उपास करतात, वजन उतरत नसेल तर घाबरायचं नाही, हे पुस्तकी ज्ञान मला होतं. आईला नव्हतं. "तुझ्या त्या यंत्रानं त्याची भूक मेली," हे रोजचं.

वीज गेली तर काय, हे सगळे विचारतात. डिसेंबरच्या एका रात्री ५ तास नव्हती. पेटीवर चादर टाकली, बाहेरून काचेला गरम पाण्याची रबरी पिशवी टेकवली. आतलं तापमान २४ च्या खाली गेलं नाही. एखादी गार रात्र हा साप काढतो, भाजणं मात्र भरून यायला महिने लागतात. म्हणून इन्व्हर्टरवर मी मॅट घेतलेली नाही.

आपल्या भागात खरा त्रास उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४०, वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत ३६. मॅट तर महिनाभर चालूच झाली नाही, तरी थंड बाजू ३३ ला. ३५ च्या वर जास्त वेळ गेला तर सापाच्या जिवावर बेतू शकतं. शेवटी पेटी खाली देवघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत हलवली, खिडकीला ओलं गोणपाट, दुपारी थंड बाजूला फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. देवघराशेजारी साप, यावर आईची नापसंती फार टिकली नाही. श्रावणात नागोबाला दूध, मग याला काय, असं काकूंनीच तिला समजावलं. (दूध दिलेलं नाही. देऊही नये.)

बिलाची भीती असेल तर, १४ वॅट अखंड चालली तरी महिन्याला १० युनिट, आणि थंडीतसुद्धा ती निम्माच वेळ चालू असते.

मॅट बदलणार नाही, कडेला थोडी पिवळी पडलीय इतकंच. आता पेटीखाली रबरी बूच लावून ती अर्धा इंच उचलून ठेवलीय, हवा खेळती राहते. नारळाच्या भुशाचा थरही इंचाच्या वर जाऊ देत नाही, जाड थराखाली उष्णता कोंडते. कंट्रोलर मात्र दिवाळीआधी नवा घेणार. रिलेचा आवाज बदललाय, पूर्वी 'टक्' यायचा, आता कधी-कधी 'ट्र' येतो. जुना मामांनी आत्ताच मागून ठेवलाय, कॉन्टॅक्ट घासून कुणाच्या तरी उबवणी यंत्राला लावणार म्हणे. मी म्हटलं, कटआउट टाकूनच लावा.